डब केलेले कुंग-फू चित्रपट कसे पाहावेत: नवख्या प्रेक्षकांसाठी

खलनायक पांढरी दाढी कुरवाळत एक वाक्य बोलतो. त्याचे ओठ केव्हाच मिटलेले असतात, तरी आवाज चालूच राहतो. मग आवाज थांबतो आणि ओठ पुन्हा हलू लागतात. समोरचा नायक काहीही कारण नसताना ‘हं?’ असा उद्गार काढतो, आणि दुसऱ्याच क्षणी दोघे एकमेकांवर अशा चपळाईने तुटून पडतात की आपल्या चेहऱ्यावर आलेले हसू तिथेच थांबते. १९७० आणि १९८० च्या दशकांत हाँगकाँग व तैवानमध्ये बनलेल्या आणि परदेशी बाजारासाठी घाईघाईने इंग्रजीत डब झालेल्या कुंग-फू चित्रपटांची सगळी गोडी या दोन क्षणांच्या शेजारात आहे. कानाला जे ऐकू येते ते ओबडधोबड असते आणि डोळ्याला जे दिसते ते वर्षानुवर्षांच्या मेहनतीतून आलेले असते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी अनुभवता येणे हे थोड्या सरावाचे काम आहे. तो सराव कसा करावा, सुरुवात कोणत्या चित्रपटापासून करावी आणि कशाकडे लक्ष ठेवावे, हे नवख्या प्रेक्षकाला क्रमाने सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी हे चित्रपट कसे बनत, ते जाणून घ्यावे

हे चित्रपट पाहायला बसण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घेतली पाहिजे: यांतील बहुतेक चित्रपट चित्रीकरणाच्या वेळी मुकेच असत. सेटवर संवादांचे ध्वनिमुद्रण होत नसे. शॉ ब्रदर्स या हाँगकाँगमधील सर्वांत मोठ्या कंपनीचा क्लिअरवॉटर बे येथील भव्य स्टुडिओ १९६१ मध्ये सुरू झाला. तिथे एका वेळी अनेक चित्रपटांचे काम चाले. एका सेटवर सुतार ठोकाठोक करीत असताना शेजारच्या सेटवर अंत्यसंस्काराचा प्रसंग चित्रित होऊ शके, कारण आवाजाची चिंता कोणालाच नसे. शिवाय नटांमध्ये कोणी कँटोनीज (हाँगकाँगची चिनी बोली) बोलणारा, कोणी मँडरिन (प्रमाण चिनी) बोलणारा, तर कोणी कोरियाहून आलेला असे. प्रत्येकाने आपापल्या भाषेत संवाद म्हणावेत आणि पुढे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत दुसऱ्याच कोणीतरी ते मँडरिनमध्ये बोलावेत, अशी ही रूढ पद्धत होती. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ आवाज’ म्हणतो, तोही अनेकदा त्या नटाचा नसतो. प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळीच आवाज नोंदवण्याची पद्धत हाँगकाँगमध्ये सर्रास रुळायला १९९० चे दशक उजाडावे लागले.

इंग्रजी डबिंग हा याच पद्धतीचा पुढचा टप्पा होता. हाँगकाँग तेव्हा ब्रिटिश वसाहत होती आणि तिथे राहणाऱ्या इंग्रजीभाषक परदेशी मंडळींचा, ज्यांत रेडिओवर काम करणारेही होते, एक लहानसा गट नोकरी सांभाळून हे काम करीत असे. चित्रपटाचे छोटे छोटे तुकडे करून ते पुन्हा पुन्हा पडद्यावर दाखवले जात आणि माइकसमोर उभ्या असलेल्या माणसाने ओठांची उघडझाप बघत आपले वाक्य त्यात बसवायचे असे. काम थोडक्या वेळात आणि थोडक्या पैशांत उरकावे लागे. माणसे मोजकी असल्यामुळे एकच जण एकाच चित्रपटात म्हातारा गुरू, खानावळीचा मालक आणि तलवारीने मरणारे तीन गुंड अशा सगळ्यांना आवाज देई.

या सगळ्याला एवढी मागणी कशामुळे आली, हेही थोडक्यात सांगायला हवे. १९७३ च्या मार्चमध्ये वॉर्नर ब्रदर्सने शॉ कंपनीचा ‘किंग बॉक्सर’ हा चित्रपट ‘फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ’ या नावाने अमेरिकेत लावला आणि तो अनपेक्षितपणे जोरात चालला. त्याच वर्षी ब्रूस लीचे चित्रपट तिथे गाजत होते; २० जुलै १९७३ रोजी त्याचा मृत्यू झाला आणि त्यानंतर महिनाभरातच ‘एंटर द ड्रॅगन’ प्रदर्शित झाला. वितरकांना आता मिळेल तो कुंग-फू चित्रपट हवा होता, आणि तो इंग्रजीत हवा होता.

पहिला चित्रपट निवडताना

नवखा प्रेक्षक बहुधा एक चूक करतो. ‘सर्वांत वाईट’ म्हणून नावाजलेला चित्रपट तो प्रथम हाती घेतो, अर्ध्या तासात कंटाळतो आणि या प्रकारात काही दम नाही असे ठरवून मोकळा होतो. माझे मत अगदी उलट आहे. पहिला चित्रपट असा निवडावा की ज्यात हाणामारी उत्तम आहे आणि डबिंग मात्र विचित्र आहे. हसायला कान कामी येतात. पण दीड तास खुर्चीत बसवून ठेवण्याचे काम डोळ्यांनाच करावे लागते.

चँग चेह यांनी दिग्दर्शित केलेला ‘फाइव्ह डेडली व्हेनम्स’ (१९७८) हा यासाठी फार चांगला आहे. मृत्युशय्येवरील गुरू आपल्या शेवटच्या, अर्धवट शिकलेल्या शिष्याला सांगतो की आपले पाच जुने शिष्य जगात कुठेतरी वावरत आहेत; त्यांनी गोम, साप, विंचू, पाल आणि बेडूक यांच्या युद्धपद्धती आत्मसात केल्या आहेत, आणि त्यांच्यातील दुष्ट कोण हे शोधून त्यांचा निकाल लावायचा आहे. अडचण अशी की ते मुखवटे घालून शिकले, त्यामुळे त्यांना चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. ही कल्पना ऐकायला बालिश वाटेल; पण पडद्यावर तिची मांडणी एखाद्या रहस्यकथेसारखी घट्ट आहे. त्यातील काही प्रमुख नट तैवानमधील चिनी ऑपेराच्या (गाणे, अभिनय आणि कसरत एकत्र असलेल्या पारंपरिक नाट्याच्या) शाळेत लहानपणापासून कसरतीचे शिक्षण घेतलेले होते, आणि ते त्यांच्या प्रत्येक उडीत दिसते.

दुसरा पर्याय तैवानचे दिग्दर्शक जोसेफ कुओ यांचा ‘मिस्टरी ऑफ चेस बॉक्सिंग’ (१९७९) हा होय. इथे पैसा स्पष्टपणे कमी आहे: मोठे सेट नाहीत, बरेचसे प्रसंग उघड्या मैदानात आहेत. मात्र ‘घोस्ट फेस किलर’ हा खलनायक प्रत्येक खुनापूर्वी आपली खूण असलेली तबकडी फेकतो, तेव्हा त्या साधेपणातूनही दरारा निर्माण होतो. बापाच्या खुनाचा सूड घेऊ पाहणारा मुलगा चिनी बुद्धिबळाच्या पटावर लढाईचे डावपेच शिकतो, ही कल्पना दिग्दर्शकाने मन लावून रंगवलेली आहे.

निवड करताना नावांच्या घोळापासून सावध राहावे. एकच चित्रपट तीन-चार नावांनी विकला जाणे ही या व्यवसायातील नेहमीची गोष्ट होती. सर्वांत प्रसिद्ध घोळ ब्रूस लीच्याच बाबतीत झाला. त्याचा ‘द बिग बॉस’ (१९७१) अमेरिकेत ‘फिस्ट्स ऑफ फ्युरी’ या नावाने लागला, आणि ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ (१९७२) हा वेगळाच चित्रपट तिथे ‘द चायनीज कनेक्शन’ झाला. ‘द चायनीज कनेक्शन’ हे नाव खरे तर ‘द बिग बॉस’साठी योजलेले होते, कारण त्याच्या कथेत अमली पदार्थांचा चोरटा व्यापार आहे. म्हणून शोध घेताना नावावर विसंबू नये. दिग्दर्शक, प्रमुख नट आणि वर्ष या तिन्ही गोष्टी जुळतात का ते पाहावे. एखादा चित्रपट नवा समजून लावावा आणि पंधरा मिनिटांनी तो पाहिलेलाच निघावा, असे या छंदात होतच असते.

कोणती प्रत पाहावी

शॉ कंपनीचे चित्रपट रुंद पडद्यासाठी चित्रित होत. चित्राची रुंदी उंचीच्या जवळजवळ २.३५ पट असे. दूरचित्रवाणीच्या आणि व्हिडिओ कॅसेटच्या काळात हे चित्र जवळजवळ चौकोनी पडद्यात बसवण्यासाठी दोन्ही बाजूंनी कापले गेले. परिणाम असा की दोघे लढत असताना एक जण पडद्याबाहेर असतो, आणि कोठून तरी एक पाय येऊन दुसऱ्याला लागतो. पुष्कळ जुन्या रसिकांना या कापलेल्या प्रतींबद्दल जिव्हाळा आहे आणि तो मला समजतो. पण नवख्याने त्यांच्यापासून सुरुवात करू नये. लढतीची आखणी संपूर्ण रुंदी गृहीत धरून केलेली असते आणि ती कापली की कारागिरीच नाहीशी होते.

सेलेस्टियल पिक्चर्स या कंपनीने २००० च्या सुमारास शॉ कंपनीचा संग्रह विकत घेऊन शेकडो चित्रपटांच्या प्रती स्वच्छ केल्या. त्यामुळे आज हे चित्रपट पूर्ण रुंदीत आणि ताज्या रंगांत पाहता येतात. मात्र त्या काळी निघालेल्या काही आवृत्त्यांमध्ये इंग्रजी डबिंग वगळलेले होते आणि काही ठिकाणी ठोशांचे जुने आवाज बदलून नवे घातलेले होते, त्यामुळे आपल्याला जे ऐकायचे आहे तेच हरवते. अलीकडे निघालेल्या काही ब्लू-रे संचांत मँडरिन आणि जुने इंग्रजी असे दोन्ही ध्वनिपट दिलेले असतात. शक्यतो अशीच प्रत मिळवावी. मूळ भाषेचा आग्रह धरणारे लोक इंग्रजी ध्वनिपट मुळीच ऐकू नये असे सांगतील. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते कथेपुरते. पहिल्या वेळी इंग्रजी ध्वनिपट लावावा, कारण आपण ज्या गोडीच्या शोधात आहोत ती त्यातच आहे.

कान कसा तयार करावा

पहिला अर्धा तास कथेची फार काळजी करू नये. आवाज ओळखण्याकडे लक्ष द्यावे. थोड्याच वेळात लक्षात येते की मघाशी मेलेल्या गुंडाचा आवाज आता न्यायाधीशाच्या तोंडून येतो आहे. दोन-तीन चित्रपट झाले की हीच माणसे दुसऱ्या चित्रपटांतही भेटू लागतात: एक खर्जातला, सावकाश बोलणारा आवाज, जो बहुधा खलनायकाचा असतो, एक किनरा, घाबरट आवाज, जो विनोदी नोकराला दिलेला असतो, आणि एक स्वच्छ, शाळामास्तरी उच्चाराचा आवाज, जो नायकाला मिळतो. ज्यांची नावे श्रेयनामावलीत आली नाहीत अशा या माणसांशी हळूहळू ओळख होत जाणे हा या छंदातील एक मोठा आनंद आहे.

त्यानंतर वाक्यरचनेकडे वळावे. लिहिणाऱ्यापुढची अडचण अशी होती की नटाचे ओठ जेवढा वेळ हलतात तेवढ्याच वेळेचे वाक्य हवे. अर्थ आधी संपला आणि ओठ हलतच राहिले, तर मध्ये काहीतरी भरावे लागे. म्हणून वाक्याच्या शेवटी विनाकारण ‘पण तरीही’, ‘समजले ना?’, ‘हं’ असे तुकडे येतात. उलट ओठ लवकर मिटले तर सगळे वाक्य धापा टाकत उरकले जाते. याच अडचणीतून त्या संवादांची ती ओळखीची, अडखळती लय जन्मली. खानावळीतला आव्हानाचा प्रसंग घ्या. अनोळखी माणूस आत येतो, टेबलावर तलवार ठेवतो. बसलेला माणूस वर न पाहता म्हणतो की तुझे कुंग-फू चांगले आहे. थोडी शांतता. मग, पुढची तीन अक्षरे ओठांवर उरलेली असल्यामुळे, तो आणखी म्हणतो की पण माझे अधिक चांगले आहे. हे वाक्य कोणी ठरवून विनोदी लिहिलेले नाही. बोलणारा ते संपूर्ण गांभीर्याने बोलतो आणि ऐकणाराही गांभीर्यानेच उठून उभा राहतो. म्हणूनच ते लक्षात राहते.

आता हाणामारीच्या आवाजाकडे. या चित्रपटांत बाही फडकली तरी चाबकासारखा आवाज होतो, डोके वळवले तरी वारा कापल्यासारखे ऐकू येते, आणि ठोसा लागला की लाकडी फळी मोडावी तसा कडाका होतो. हे आवाज मोजक्या साठ्यातून घेतलेले असत आणि चित्रपटामागून चित्रपट तेच वापरले जात. डोळे मिटून एक लढत नुसती ऐकून पाहावी, असे मी प्रत्येक नवख्याला सुचवीन. चांगल्या लढतीत या आवाजांना ताल असतो: तीन जलद, एक थांबा, दोन जड. ऑपेराच्या रंगमंचावर झांजा आणि ढोल यांच्या तालावर लढती होत असत, आणि त्याच परंपरेतून आलेल्या माणसांनी या चित्रपटांतील लढती बसवल्या. त्यामुळे आवाज कितीही नकली असला तरी ताल अस्सल असतो.

संगीताची गोष्ट आणखी मजेदार आहे. स्वतंत्र पार्श्वसंगीत करून घ्यायला वेळ आणि पैसा नसल्यामुळे निर्माते डी वुल्फसारख्या ब्रिटिश संगीत-संग्रहांतील तयार तुकडे वापरीत, आणि पुष्कळदा परदेशी चित्रपटांच्या तबकड्यांवरून सरळ उचलेगिरी करीत. ‘किंग बॉक्सर’मध्ये नायकाचे तळवे संतापाने लाल चमकू लागतात तेव्हा जो कर्कश भोंगा ऐकू येतो, तो क्विन्सी जोन्स यांनी ‘आयर्नसाइड’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेसाठी रचलेल्या संगीतातला आहे. जिमी वाँग यू यांच्या ‘मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन’ (१९७६) मध्ये अंध, सूडाने पेटलेला लामा येतो, तेव्हा नॉय या जर्मन वाद्यवृंदाचा एक घुमणारा, यंत्रासारखा तुकडा वाजतो. चीनच्या जुन्या चिंग राजवटीच्या काळातील कथेत जर्मन रॉक संगीत का, असा प्रश्न विचारायला हरकत नाही. पण ते पात्र आणि ते संगीत यांचा मेळ इतका भयप्रद जमला आहे की नव्याने रचून घेतलेले संगीत यापेक्षा चांगले झाले असते असे मला वाटत नाही.

डोळ्यांनी काय टिपावे

गरिबीच्या खुणा सहज दिसतात. रक्त तेलरंगासारखे लालभडक असते. पांढऱ्या भुवयांचा डिंक कडेने सुटलेला दिसतो. एकाच स्टुडिओतील एकच रस्ता दहा वेगवेगळ्या गावांचे काम करतो आणि रात्रीचा प्रसंग भर दुपारी निळी काच लावून उरकलेला असतो. या खुणा नोंदवून पुढे जावे. त्यांच्यावर फार रेंगाळण्यासारखे काही नाही.

रेंगाळायचे ते कॅमेऱ्यापाशी. एखाद्याच्या डोळ्यांवर धाडकन जाणारा झूम ही या चित्रपटांची सही समजली जाते आणि तिची खूप टिंगल होते. पण तिच्यामागे हिशेब आहे. चेहऱ्याचे जवळचे दृश्य वेगळे घ्यायचे तर कॅमेरा हलवा, दिवे बदला, नटाला पुन्हा उभे करा, अशी सगळी उठाठेव करावी लागते. झूम केला की तेच काम एका दृश्यात दोन सेकंदांत होते. वेळ वाचवण्यासाठी आलेली ही युक्ती पुढे आव्हानाची, संशयाची आणि धक्क्याची भाषाच बनली.

लढत सुरू झाली की तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, एका दृश्यात सलग किती हालचाली होतात. चांगल्या चित्रपटांत कॅमेरा मागे उभा राहतो, दोन्ही लढवय्ये डोक्यापासून पायापर्यंत दिसतात आणि दहा-पंधरा वार-पलटवार न कापता पार पडतात. दुसरी, वेग. लढतीचे चित्रीकरण कधी कधी सेकंदाला २४ ऐवजी २२ किंवा त्याहून कमी चौकटींनी (फ्रेम) केले जाई, म्हणजे पडद्यावर ते किंचित जलद दिसे. कपड्यांच्या फडफडीवरून आणि पडणाऱ्या धुळीवरून हे ओळखता येते. तिसरी, अंगावरची पूड. वार लागल्याचे कळावे म्हणून कपड्यांवर पूड भुरभुरलेली असे आणि ठोसा बसला की तिचा ढग उठे. तो ढग उठला म्हणजे हात खरोखर अंगाला लागलेला असतो, हे लक्षात ठेवावे.

ह्वाँग जँग-ली या कोरियात वाढलेल्या नटाची लाथ या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ‘सीक्रेट रायव्हल्स’ (१९७६) मध्ये त्याला रुपेरी केसांचा टोप घालून ‘सिल्व्हर फॉक्स’ केलेले आहे, आणि टोप टोपासारखाच दिसतो. मात्र तो हवेत उडी घेऊन, जमिनीला पाय टेकण्यापूर्वी, एकामागोमाग लाथा मारतो तेव्हा डोळे टोपाकडे जातच नाहीत. लाउ कार-लेउंग यांच्या ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ (१९७८) मध्ये गॉर्डन लिऊने साकारलेला शिष्य पाण्याने भरलेल्या बादल्या आडव्या पसरलेल्या हातांनी वाहून नेतो. दंडांना सुऱ्या बांधलेल्या आहेत, हात जरा खाली आले तर त्यांची टोके बरगड्यांत रुततील. हा चित्रपट कुठल्याही अर्थाने हलका नाही, तो थोर चित्रपट आहे. तरीही त्याची इंग्रजी डब आवृत्ती या यादीत हवी, कारण खांदे थरथरत असलेल्या त्या माणसावर जेव्हा एखादा बेफिकीर, सपाट आवाज बसतो, तेव्हा शरीर आणि शब्द यांच्यातील अंतर सर्वांत स्पष्ट होते.

पुढची पायरी: नकली ब्रूस आणि चिकटवलेले निंजा

चार-पाच चांगले चित्रपट पाहून झाल्यावरच या भागाकडे वळावे. ब्रूस ली गेल्यानंतर त्याच्यासारखे दिसणारे किंवा दिसवले गेलेले नट बाजारात आले: तैवानचा ब्रूस ली (नावाच्या इंग्रजी लेखनात Lee ऐवजी Li), ब्रूस ले, ड्रॅगन ली. गंमत बाजूला ठेवून सांगायचे तर यांपैकी अनेक जण स्वतः कसलेले लढवय्ये होते, आणि दुसऱ्याच्या सावलीत उभे राहण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. ‘द ड्रॅगन लिव्ह्ज अगेन’ (१९७७) मध्ये तर ब्रूस ली मृत्यूनंतर पाताळात जातो आणि तिथे त्याची गाठ ड्रॅक्युला, जेम्स बाँड आणि पॉपाय यांच्याशी पडते. एवढी मोकाट कल्पनाशक्ती एकाही मोठ्या स्टुडिओला परवडली नसती.

त्याच्याही पुढे गॉडफ्रे हो आणि निर्माते जोसेफ लाय यांचे १९८० च्या दशकातील निंजा (जपानी गुप्त योद्धे) चित्रपट आहेत. हो यांनी पूर्वी शॉ कंपनीत चँग चेह यांच्या हाताखाली काम केले होते. त्यांची पद्धत अशी: एखादा स्वस्तात मिळालेला आशियाई चित्रपट घ्यायचा, पाश्चात्त्य नटांना रंगीबेरंगी निंजा पोशाख घालून काही नवे प्रसंग चित्रित करायचे, दोन्ही एकत्र जोडायचे आणि डबिंगच्या जोरावर नवी कथा रचायची. अमेरिकन नट रिचर्ड हॅरिसन याने थोड्या चित्रपटांसाठी काम केले, पण ते चित्रीकरण पुढे कितीतरी अधिक चित्रपटांत वाटून वापरले गेले. हे चित्रपट पाहताना शिवण शोधावी. ती बहुधा टेलिफोनवर असते, कारण दोन वेगवेगळ्या चित्रपटांतील माणसांना बोलायला लावण्याचा तोच एक सोपा मार्ग आहे. ‘निंजा टर्मिनेटर’ (१९८५) मध्ये हॅरिसन अत्यंत गंभीर चेहऱ्याने गारफिल्ड या व्यंगचित्रातील मांजराच्या आकाराच्या फोनवर सूचना देतो. त्या फोनची कोणीही चेष्टा करीत नाही, त्याकडे कोणी पाहतही नाही.

मुद्दाम केलेली विडंबने या वर्गात मोडत नाहीत. ‘कुंग पाउ’ (२००२) मध्ये जिमी वाँग यू यांच्या जुन्या चित्रपटावर जाणूनबुजून वेडेवाकडे डबिंग केलेले आहे. ते ज्याला आवडेल त्याने जरूर पाहावे; पण तिथे विनोद करणाऱ्याचा हात सतत दिसतो. आपल्याला हवा आहे तो विनोद कोणीच केलेला नसतो.

कशाला हसू नये

काही ठिकाणी हसू आवरावे, असे मी आवर्जून सांगेन. ‘गेम ऑफ डेथ’ (१९७८) मध्ये अपुऱ्या राहिलेल्या चित्रीकरणाची उणीव भरून काढताना आरशावर ब्रूस लीच्या चेहऱ्याचे कागदी चित्र चिकटवलेले आहे, आणि ते पाहून हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच चित्रपटात त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेची दृश्ये कथेचा भाग म्हणून वापरली आहेत, आणि तिथे हसण्यासारखे काहीच नाही. ‘मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन’मध्ये हात लांबवणारा एक भारतीय योगी आहे; तो चेहरा काळवंडलेल्या चिनी नटाने साकारलेला आहे. हात लांबण्याची युक्ती मजेशीर आहे, ते सोंग मात्र आजच्या प्रेक्षकाला खुपावे असेच आहे, आणि ते खुपले म्हणून बाकीचा चित्रपट टाकून देण्याची गरज नाही. डबिंगमुळे पात्रे मूर्ख वाटतात, त्यावरून ते लोक किंवा त्यांची भाषा हास्यास्पद आहे असा समज होऊ देऊ नये. ते वाक्य त्यांचे नाहीच.

सोबतीने पाहणे उत्तम. दोघे-तिघे पुरेत. संवाद चालू असताना बोलायला हरकत नाही, पण लढत सुरू झाली की गप्प बसावे, एवढा एक नियम पाळावा. १९९३ मध्ये वू-टँग क्लॅन या न्यूयॉर्कच्या रॅप समूहाने आपल्या पहिल्या संग्रहात अशाच डब चित्रपटांतले संवाद घेतले आणि त्यांच्यातील एकाने तर ‘चेस बॉक्सिंग’मधील खलनायकाचे नावच धारण केले. ज्यांनी चेष्टेपलीकडे जाऊन हे चित्रपट लक्षपूर्वक ऐकले, त्यांना त्यांतून काय मिळाले हे त्या गाण्यांत ऐकू येते.

शेवटचा अभ्यास असा. आवडलेल्या चित्रपटातील एक प्रसंग निवडावा, शक्यतो ज्यात आधी चार वाक्ये आणि मग लढत आहे असा. तो प्रथम इंग्रजी ध्वनिपटावर पाहावा, लगेच मँडरिनमध्ये उपशीर्षकांसह पाहावा, आणि तिसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून पाहावा. इंग्रजीत उद्धट वाटलेला गुरू मँडरिनमध्ये बहुधा थकलेला निघतो, आणि आवाज बंद केल्यावर कळते की नटाने बोलण्यापूर्वीच पवित्रा बदललेला होता. त्यानंतर इंग्रजी ध्वनिपट पुन्हा लावून चित्रपट पुढे चालू करावा.